पाचशे चव्वेचाळीसच्या आधीची दहा वर्षं

शनिवारी सकाळी शुगर लँडच्या कुठल्याही मैदानापाशी गाडी लावायला जागा शोधून बघा. घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पाण्याचे जार, संत्र्याच्या फोडींचे डबे, आणि कडेला उभं राहून मराठी, तेलुगू, उर्दू, स्पॅनिश, चिनी अशा पाच भाषांत ‘पळ, पळ!’ म्हणून ओरडणारे आईबाप. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत आठवड्याचं वेळापत्रक सॉकरच्या सरावावरून ठरतं. आमच्याही ठरतं. २०२६च्या उन्हाळ्यात वर्ल्ड कपचे सामने थेट आपल्या ह्यूस्टनमध्ये, त्यामुळे पोरांच्या अंगात जरा जास्तच वारं शिरलंय.

(या लेखात मी ‘सॉकर’च लिहिणार आहे. मी मूळची कोल्हापूरची, तिथे याला फुटबॉलच म्हणतात. पण टेक्सासात फुटबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वेगळाच खेळ येतो.)

मुलगा तेरा-चौदाचा झाला की पार्किंगमधल्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: ‘हा पुढे कॉलेजात खेळेल का हो?’ टेक्सासात या प्रश्नाचं उत्तर चमत्कारिक आहे. ऑस्टिनचं युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक, बेलर, आपल्या ह्यूस्टनमधलं राईस आणि युनिव्हर्सिटी ऑफ ह्यूस्टन. एवढी मोठमोठी नावं, पण यांपैकी एकाही ठिकाणी मुलांचा अधिकृत सॉकर संघ नाही. मुलींचे आहेत, आणि उत्तम आहेत. मुलांसाठी असतो तो क्लब. म्हणजे विद्यार्थ्यांनी आपापसात जमवलेला, वर्गणी काढून चालवलेला संघ. विद्यापीठाचा अधिकृत संघ तो ‘व्हार्सिटी’. त्याला पगारी प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या, बस, डॉक्टर, आणि मुख्य म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत उतरण्याचा हक्क मिळतो. क्लबला यातलं काही नाही.

या क्लब आणि व्हार्सिटीमधल्या भिंतीचा विचार करताना मला एका माणसाची गोष्ट सापडली. ती टेक्सासची नाही, इंडियानाची आहे. पण ज्यांची मुलं क्लबमध्ये खेळतात, आणि ज्यांची आयुष्यं आपल्या मंडळासारख्या संस्थांची बिनपगारी कामं करण्यात जातात, त्या सगळ्यांनी ती वाचावी असं मला मनापासून वाटतं. त्यांचं नाव जेरी येगली.

बास्केटबॉलच्या गावात

येगली मूळचे पेनसिल्व्हेनियाचे, जन्म १९४०चा. तिथल्या वेस्ट चेस्टर कॉलेजच्या संघातून ते खेळले, आणि १९६१ साली त्या संघानं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. सेंट लुईसची मक्तेदारी असलेल्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. १९५९ ते १९७३ या पंधरा वर्षांत सेंट लुईस विद्यापीठानं दहा वेळा अजिंक्यपद घेतलं आहे.

१९६३ साली येगली इंडियाना विद्यापीठात आले ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून. आपल्याकडच्या भाषेत पी.टी.चे सर. गाव ब्लूमिंग्टन. इंडियाना राज्यात बास्केटबॉल हा निव्वळ खेळ नाही, घराघरांतलं दैवत आहे. गॅरेजच्या दारावर जाळी टांगलेली नाही असं घर शोधावं लागेल. अशा ठिकाणी सॉकर म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचा आणि चार हौशी पोरांचा खेळ. विद्यापीठाचा संघ नव्हताच, होता तो क्लब. येगली सर त्या क्लबचे प्रशिक्षक झाले.

पुढची दहा वर्षं ते त्या क्लबचेच प्रशिक्षक राहिले. वर्गात शिकवायचं, संध्याकाळी क्लबची पोरं घेऊन मैदानावर उतरायचं, आणि विद्यापीठाकडे अधिकृत दर्जाची मागणी लावून धरायची. दहा वर्षं म्हणजे किती, याचा हिशेब मी शिक्षिकेच्या नजरेनं करते. पहिलीत आलेलं मूल दहावीला बसतं. कॉलेजात चार वर्षांनी मुलं बदलतात, तेव्हा या काळात पहिली फळी गेली, दुसरीही गेली. या मुलांनी घाम गाळला, पण राष्ट्रीय स्पर्धा त्यांना बाहेरूनच बघावी लागली. तरी सर तिथून हलले नाहीत.

१९७३ साली दर्जा मिळाला. इंडियानाचा सॉकर संघ व्हार्सिटी झाला आणि जेरी येगली त्याचे पहिले मुख्य प्रशिक्षक.

तीन वेळा एकाच दारातून परत

त्यानंतर जे झालं ते विस्मयकारक आहे. अधिकृत संघ म्हणून अवघ्या चौथ्या हंगामात, १९७६ मध्ये, इंडियाना राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचलं. समोर सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ. हरले, एका गोलनं. १९७८ मध्ये पुन्हा अंतिम सामना, पुन्हा सॅन फ्रान्सिस्को, पुन्हा हार. (सॅन फ्रान्सिस्कोचं त्या वर्षीचं अजिंक्यपद पुढे रद्द करण्यात आलं; पण म्हणून काही हरलेल्याला जिंकलेला म्हणत नाहीत.) १९८० मध्ये तिसऱ्यांदा अंतिम सामना, आणि समोर पुन्हा तेच. या वेळी जादा वेळेत ४-३ असे हरले.

पाच वर्षांत तीन अंतिम सामने, एकच प्रतिस्पर्धी, तीन पराभव. आपल्यापैकी एखाद्यानं ‘आपल्या नशिबातच नाही’ म्हणून पत्रिका दाखवली असती.

१९८२ साली फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलमध्ये इंडियाना चौथ्यांदा अंतिम सामन्याला उतरलं. या वेळी समोर ड्यूक विद्यापीठ होतं. नव्वद मिनिटं संपली तेव्हा १-१ अशी बरोबरी. तेव्हाच्या नियमानुसार निकाल लागेपर्यंत जादा वेळ खेळायचा. पहिला जादा वेळ झाला, दुसरा झाला, तिसरा, चौथा. पोरांच्या पायांत गोळे, आणि तरी कोणी हलायला तयार नाही. शेवटी आठव्या जादा वेळेत ग्रेग थॉम्पसन या बचावपटूनं गोल केला. संघाचा पहिला गोलही त्याचाच होता. इंडियाना २-१ नं राष्ट्रीय विजेता झालं. क्लब म्हणून सुरुवात केल्यापासून एकोणीस वर्षांनी.

एकदा दार उघडलं की पुन्हा उघडायला तितकी ताकद लागत नाही म्हणतात. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, तोवर अपराजित असलेल्या कोलंबियाला १-० असं हरवून इंडियानानं अजिंक्यपद राखलं. १९८८ मध्ये तर अंतिम सामना ब्लूमिंग्टनलाच झाला आणि घरच्या मैदानावर त्यांनी हॉवर्ड विद्यापीठाला १-० नं हरवलं. ज्या गावात या खेळाला दर्जा मिळायला दहा वर्षं लागली, त्या गावानं आपल्या डोळ्यांनी अजिंक्यपद पाहिलं.

हरण्याचा हिशेब

येगलींच्या कारकिर्दीत मला विजयांपेक्षा पराभवांची मांडणी जास्त शिकवून जाते. १९८४ मध्ये सलग तिसरं अजिंक्यपद हातात येत होतं, क्लेमसननं ते २-१ असं काढून घेतलं. १९९४ मध्ये अंतिम सामन्यात व्हर्जिनियानं हरवलं. त्या सामन्याचं एक वेगळं वैशिष्ट्य आहे. इंडियानाच्या संघात टॉड येगली खेळत होता, जेरींचा मुलगा, आणि ते त्याचं कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं. वडील मैदानाच्या कडेला आणि मुलगा मैदानात. दोघंही त्या दिवशी हरले. व्हर्जिनियाचे प्रशिक्षक होते ब्रूस अरीना. त्यांचं ते पाचवं आणि सलग चौथं अजिंक्यपद. पुढे तेच अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

१९९७चा हंगाम तर विलक्षण होता. इंडियानानं त्या वर्षी एकामागून एक तेवीस सामने जिंकले. उपांत्य फेरीपर्यंत पाटी कोरी. आणि उपांत्य सामन्यात यूसीएलएकडून हरले, संपूर्ण हंगामातला तेवढाच एक पराभव. तेवीस विजयांनंतर हाती काही नाही! घरी परतताना त्या बसमध्ये काय शांतता असेल याची कल्पना कोणत्याही खेळाडूच्या आईला करता येईल.

पण पुढच्या वर्षी, १९९८ मध्ये, याच संघानं स्टॅनफर्डला ३-१ नं हरवून अजिंक्यपद घेतलं, आणि १९९९ मध्ये सँटा क्लाराला १-० नं हरवून ते राखलं. मला वाटतं, प्रशिक्षकाचं खरं काम हे हरल्यानंतरच्या सोमवारी सुरू होतं. जिंकल्यावर मुलं आपली आपण सरावाला येतात.

या संघांत कोण होते तेही बघण्यासारखं आहे. कॉलेज सॉकरमधला सर्वांत मानाचा पुरस्कार म्हणजे हरमन ट्रॉफी. इंडियानाला ती पहिल्यांदा मिळाली १९७८ मध्ये, अँजेलो डिबर्नार्डोमुळे. त्याचा जन्म अर्जेंटिनातला. १९८१ मध्ये ती मिळाली आर्मांडो बेटनकोर्टला, तो होंडुरासचा. १९८८ आणि १९९० अशी दोनदा मिळवणारा केन स्नो अमेरिकन. बाहेरून आलेल्या मुलांना आपल्यात सामावून घेणारा खेळ म्हणून सॉकर इथे वाढला, आणि शेताशिवारांच्या इंडियानात एका पी.टी.च्या सरांनी ते करून दाखवलं.

शेवटचा हंगाम

२००३चा हंगाम आपला शेवटचा, असं येगलींनी आधीच जाहीर केलं होतं. सगळ्यांना वाटलं, निरोपाचा हंगाम, फुलांचे गुच्छ, भाषणं. झालं उलटंच. पहिल्या आठ सामन्यांत दोनच विजय. तीन पराभव, तीन बरोबरी. चाळीस वर्षं एका विद्यापीठाला दिलेला माणूस असा जाणार की काय, अशी वेळ आली.

त्यानंतर तो संघ एकही सामना हरला नाही. सतरा सामन्यांत पंधरा विजय, दोन बरोबरी. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत ओहायोतल्या कोलंबस शहरात अंतिम सामना झाला, आणि इंडियानानं सेंट जॉन्सला २-१ नं हरवलं. सहावं अजिंक्यपद.

एकतीस अधिकृत हंगामांचा त्यांचा हिशेब असा: ५४४ विजय, १०१ पराभव, ४५ बरोबरी. म्हणजे दर हंगामाला सरासरी तीनच्या आसपास पराभव. १९८९ मध्येच, कारकीर्द चालू असताना, त्यांचं नाव अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉकर हॉल ऑफ फेममध्ये गेलं होतं. ब्लूमिंग्टनच्या आर्मस्ट्राँग स्टेडियममधल्या मैदानाला आज त्यांचंच नाव आहे.

आता मी या लेखाला जे शीर्षक दिलंय त्याकडे येते. ५४४ हा आकडा १९७३ पासूनचा आहे. १९६३ ते १९७२ या काळात क्लबच्या पोरांनी जिंकलेला एकही सामना त्यात धरलेला नाही. नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. ते अधिकृत सामने नव्हते. पण ती दहा वर्षं वजा केली तर उरलेली एकतीस उभीच राहत नाहीत. पाया जमिनीखाली असतो, त्यामुळे तो इमारतीच्या उंचीत मोजत नाहीत, एवढंच.

सर गेल्यानंतर

चांगला शिक्षक ओळखायचा कसा? आमच्या कोल्हापूरच्या शाळेत मुख्याध्यापक बाई म्हणायच्या, ‘तुम्ही रजेवर असताना वर्ग कसा वागतो, ते मी बघते.’ येगलींचा वर्ग उत्तम वागला. त्यांच्याच हाताखाली खेळलेले आणि साहाय्यक राहिलेले माईक फ्रायटाग मुख्य प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच वर्षी, २००४ मध्ये, इंडियानानं पुन्हा अजिंक्यपद घेतलं. २०१० पासून टॉड येगली मुख्य प्रशिक्षक आहेत, म्हणजे तोच १९९४ला हरलेला मुलगा. २०१२ मध्ये जॉर्जटाउनला १-० नं हरवून त्यांनी आठवं अजिंक्यपद आणलं. त्यानंतर २०१७, २०२० आणि २०२२ च्या हंगामांत इंडियाना अंतिम सामन्यात पोचलं आणि तिन्ही वेळा हरलं. वडिलांच्या तीन पराभवांची आठवण व्हावी असाच हा योग.

केलेब पोर्टर हा आणखी एक विद्यार्थी. नव्वदच्या दशकात तो येगलींच्या संघात खेळला, नंतर त्यांचा साहाय्यक झाला. त्यानं ॲक्रन विद्यापीठाला २०१० मध्ये राष्ट्रीय विजेतं केलं आणि पुढे व्यावसायिक मेजर लीग सॉकरमध्ये पोर्टलंड (२०१५) आणि कोलंबस (२०२०) अशा दोन संघांना अजिंक्यपद मिळवून दिलं. संगीतात घराणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आपल्याकडचे सर

हे वाचताना मला सतत सय्यद अब्दुल रहीम आठवत होते. २०२४ मध्ये आलेल्या ‘मैदान’ चित्रपटामुळे त्यांचं नाव आता घरोघरी पोचलंय. हैदराबादचे शाळामास्तर. १९५० पासून भारतीय संघाचे प्रशिक्षक. १९५१ आणि १९६२ अशी आशियाई स्पर्धांतली दोन सुवर्णपदकं, आणि १९५६ला मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. १९६२ला जाकार्तात दक्षिण कोरियाला २-१ नं हरवलं तेव्हा कर्करोगानं त्यांना ग्रासलं होतं. १९६३च्या जूनमध्ये ते गेले. त्याच वर्षी तिकडे ब्लूमिंग्टनमध्ये एक तरुण शिक्षक क्लबच्या पोरांना गोळा करत होता. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मला या दोन घटना एका पानावर लिहून ठेवाव्याशा वाटतात. रहीमसाहेबांमागे त्यांची घडी पुढे नेणारी व्यवस्था आपल्याकडे उभी राहिली नाही. येगलींमागे राहिली, कारण त्यांनी दहा वर्षं आधी व्यवस्थेसाठीच भांडण केलं होतं.

आणि कोल्हापूर तर माझं माहेर. तिथे फुटबॉल तालमींनी वाढवला. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं घेतली की आजही शाहू स्टेडियमचा गलका कानात येतो. पेठेपेठेतली पोरं दिवसा दुकानात, कारखान्यात कामाला आणि संध्याकाळी मैदानावर. त्यांना शिकवणारे वस्ताद कुठल्या हॉल ऑफ फेममध्ये नाहीत. पण २०१७ साली दिल्लीत सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून उतरला, तेव्हा त्या सगळ्या अनाम सरांची नोंद झाली असं मी समजते.

मग आपल्या मुलांचं काय?

आता पुन्हा शुगर लँडच्या पार्किंगमध्ये येऊ, कारण ज्या प्रश्नावरून हे सुरू झालं त्याचं व्यावहारिक उत्तरही द्यायला हवं.

टेक्सासातल्या मोठ्या विद्यापीठांत मुलांचा संघ का नाही? १९७२ साली ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. शिक्षणसंस्थेत मुलामुलींना समान संधी द्या, खेळातसुद्धा, हे त्याचं सार. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका संघाला ८५ शिष्यवृत्त्या असायच्या, त्या सगळ्या मुलांच्या. तराजू समतोल करायचा तर मुलींचे संघ वाढवायचे आणि मुलांचे इतर संघ आवरते घ्यायचे, असा हिशेब अनेक विद्यापीठांनी केला. दोष कायद्याचा नाही. आपल्या मुली आज ज्या शिष्यवृत्त्यांवर खेळतात त्या याच कायद्याच्या कृपेनं. वाटणी करताना फुटबॉलच्या ताटातला घास कोणी उचलला नाही, हे त्यातलं खरं.

शिष्यवृत्तीचंही समजून घ्या. २०२४-२५ पर्यंत प्रथम श्रेणीत मुलांच्या सॉकर संघाला मिळून कमाल ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या. संघात पंचवीस-तीस मुलं. म्हणजे एकेकाच्या वाट्याला तुकडे. २०२५-२६ पासून, न्यायालयीन तडजोड मान्य केलेल्या विद्यापीठांसाठी, ही मर्यादा उठली आहे, पण संघात कमाल २८ खेळाडूच ठेवता येतील. तृतीय श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच. तेव्हा क्लबची फी, प्रवास, हॉटेलं यांवर आपण करतो तो खर्च ‘पुढे शिष्यवृत्तीत वसूल होईल’ या भरवशावर कोणी करू नये. खेळ मुलाला आवडतो म्हणून करावा.

पण दार बंद आहे असंही नाही. डॅलसच्या सदर्न मेथडिस्टमध्ये शेलास हिंडमन या प्रशिक्षकानं सुमारे दोन तपं संघ चालवला. ते मकाऊत जन्मलेले. २००० आणि २००५ मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होता. तिथून ते थेट एफसी डॅलसचे प्रशिक्षक झाले आणि २०१० मध्ये त्या संघाला मेजर लीगच्या अंतिम सामन्यात घेऊन गेले. सॅन अँटोनियोचं ट्रिनिटी विद्यापीठ तृतीय श्रेणीतलं, लहानसं. पॉल मॅकगिनली या ग्लासगोकडच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ते २००३ मध्ये आपल्या श्रेणीतलं राष्ट्रीय विजेतं झालं. येगलींचं शेवटचं अजिंक्यपद त्याच वर्षीचं. आणि २०२४च्या डिसेंबरमध्ये काय झालं? मानांकनसुद्धा नसलेलं व्हरमाँट अंतिम सामन्यात मार्शलला जादा वेळेत २-१ नं हरवून देशाचं विजेतं झालं.

माझी सूचना एवढीच. कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रशिक्षकाला ‘तुम्ही किती जिंकलात’ हे विचारू नका, ते भिंतीवर लिहिलेलंच असतं. तुम्ही इथे किती वर्षं आहात, बाकावर बसणाऱ्या मुलांचं तुम्ही काय करता, तुमच्याकडून किती मुलं पदवी घेऊन बाहेर पडली, हे विचारा. आणि मुलगा ऑस्टिनला किंवा कॉलेज स्टेशनला गेला आणि क्लबमध्येच खेळला, तर ‘फक्त क्लब’ असं म्हणू नका. इंडियानाची आठ अजिंक्यपदं एका क्लबमधून आली आहेत.

मी गेली चार वर्षं रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. इतिहासात एम.ए. केलं, सहा वर्षं हायस्कूलला शिकवलं, आणि इथे आल्यावर घर सांभाळत रविवारी नऊ मुलांना ‘ण’ आणि ‘ळ’ म्हणायला लावते. नातेवाईक फोनवर विचारतात, ‘मग सध्या काय करतेस?’ हा प्रश्न आपल्या मंडळातल्या कितीजणींना येत असेल! जे मोजलं जात नाही ते काम नव्हेच, असा एक समज आपल्यातही मुरलेला आहे. मंडळाचं नाटक बसवणारे, गणपतीचा मंडप बांधणारे, ढोलपथकाला ताल शिकवणारे, मुलांना मैदानावर नेणारे बाबा, यांच्या तासांची नोंद कुठल्या वहीत होते? येगली सरांच्याही दहा वर्षांची झाली नाही. त्यांनी ती तरीही केली, आणि शिवाय नोंद व्हावी म्हणून भांडलेही. मला वाटतं या दोन्ही गोष्टी आपण शिकायला हव्यात. काम करत राहायचं, आणि त्याला दर्जा मागायला लाजायचंही नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कॉलेजांचा हंगाम शेवटाकडे आलेला असेल. आपल्यापासून ५९ नंबरच्या रस्त्यानं थोडं शहराकडे गेलं की ह्यूस्टन क्रिश्चन विद्यापीठ लागतं. तिथे मुलांचा प्रथम श्रेणीचा संघ आहे. फराळाचा डबा भरून घ्या, मुलांना घ्या, आणि एक सामना बघून या. एकच लक्षात ठेवा: कॉलेजच्या सॉकरमध्ये घड्याळ उलटं धावतं, पंचेचाळीसवरून शून्याकडे. शून्य झालं की संपलं. तोवर चकल्या पुरवून खा.